शब्दचर्चा : ‘सक्तीची लष्करभरती’ की आणखी काही?

तळटीप
जनमत चाचणीची एक प्रश्नावली मराठीत आणायची आहे. वेगवेगळ्या देशांतल्या लोकांना कन्स्क्रिप्शनबद्दल (नागरिकांना कायद्याने सैन्यात घेणं) आणि शस्त्रनिर्मितीच्या धंद्याबद्दल काय वाटतं, हा विषय. पहिल्याच प्रश्नाशी गाडं अडलंय. ‘तुमच्या देशात सक्तीची लष्करभरती असावी का?’ असं लिहिलं की अर्धं उत्तर प्रश्नातच येतं. सक्ती हवी का म्हटल्यावर ‘हो’ कोण म्हणणार? म्हणून ‘अनिवार्य सैनिकी सेवा’ केलं, तर तपासणाऱ्याने ते खोडून ‘रूढ शब्द वापरा’ असा शेरा मारलाय. पुढे ड्राफ्ट, कॉल-अप, नॅशनल सर्व्हिस, मोबिलायझेशन असे सगळे वेगवेगळे येतात, आणि प्रश्न १४ मध्ये ‘मिलिटरी-इंडस्ट्रियल कॉम्प्लेक्स’ दबा धरून बसलंय. ते नंतर. आधी पहिला प्रश्न सोडवा.

वेलांटी
‘सक्ती’ फारसी, ‘लष्कर’ फारसी. तीन शब्दांत आपली म्हणावी अशी ‘भरती’ तेवढी एक. ‘अनिवार्य सैन्यसेवा’ स्वच्छ आहे, तेच ठेवा. मूळ शब्दात सक्ती कुठेच नाही. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘एकत्र लिहिणे’, म्हणजे यादीत नाव चढवणे. फ्रान्सने १७९८ च्या जूर्दां कायद्याने ही यादी पक्की केली आणि तिथून शब्द युरोपभर गेला. धात्वर्थ धरायचा तर ‘सैन्यपटनोंद’ व्हायला हवं.

खोडरबर
‘सैन्यपटनोंद’ वाचून उत्तर देणाऱ्याला वाटेल शाळेचा हजेरीपट आहे.
आणि ‘अनिवार्य’ म्हणजे ज्याचं निवारण होत नाही ते. इथे तर बहुतेक ठिकाणी निवारणाचा दर ठरलेला असतो. तुर्कस्तानात ‘बेदेल्ली’ म्हणजे मोबदला भरून केलेली सेवा : ठरलेली रक्कम भरा आणि महिनाभराच्या प्राथमिक प्रशिक्षणावर सुटा. स्वित्झर्लंडमध्ये सेवा न करणाऱ्याला करपात्र उत्पन्नाच्या ३ टक्के, किमान ४०० फ्रँक भरावे लागतात. अमेरिकेत १८६३ च्या कायद्यात ३०० डॉलर भरून सुटता येत होतं. न्यूयॉर्कमध्ये त्या जुलैत दंगली पेटल्या त्यामागचं एक मोठं कारण हेच. लोकांचा राग सेवेवर असतो तितकाच या पळवाटेवरही असतो, आणि ‘अनिवार्य’ शब्द नेमकी तीच झाकतो.
‘सक्ती’ शब्दाला इतकं बिचकायचं कारणही दिसत नाही. ‘मोफत व सक्तीचे शिक्षण’ वाचून कोणाच्या कपाळाला आठी पडते?

तळटीप
तिथे आधी ‘मोफत’ आहे हो. गोळी साखरेत घोळवलेली आहे.

अनुस्वार
एकच शब्द शोधताय तिथेच चुकतंय. ही एक क्रिया नाही, साखळी आहे, आणि बातम्यांची भाषांतरं साखळीतली प्रत्येक कडी ‘भरती’ म्हणून मोकळी होतात. कड्या अशा : नोंदणी, तपासणी, निवड, बोलावणं, प्रत्यक्ष सेवा, मग राखीव दलात नाव. एखादा देश कोणत्याही कडीवर थांबू शकतो.
अमेरिकेत १९७३ पासून कोणालाही बोलावलेलं नाही, पण १९८० पासून तरुणांची नोंदणी पुन्हा सुरू आहे. म्हणजे नोंदणी सक्तीची, भरती शून्य. ‘अमेरिकेत सक्तीची भरती आहे’ हे चूक, ‘नाही’ म्हणणं अपुरं.
रशियातला ‘प्रिझीव’ म्हणजे बोलावणं, ठरावीक वयाच्या मुलांना. सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झालं ते ‘आंशिक मोबिलायझेशन’. त्यात मुख्यतः आधी सेवा करून घरी गेलेल्या राखीव लोकांना परत ओढलं. दोन्हीला ‘सक्तीची भरती’ लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, अठरा वर्षांची पोरं उचलली.
मोबिलायझेशनला हिंदीतली ‘लामबंदी’ आणू नका, एवढी विनंती. ‘जमवाजमव’ पुरेसा आहे.

वेलांटी
‘जमवाजमव’ लग्नाची असते. ‘सैन्यसंचलन’?

अनुस्वार
संचलन म्हणजे परेड. राखीव सैनिकाला घरून उठवून आणणं वेगळं.
निवडीच्या कडीबद्दल राहिलं. ‘सोडत’ हा शब्द वापरणार असाल तर जपून. आपल्याकडे सोडत बक्षिसाची, नंबर लागला की आनंद. इथे उलट. थायलंडमध्ये एप्रिलमध्ये पत्ते काढतात : लाल निघाला तर फौजेत, काळा निघाला तर घरी. १ डिसेंबर १९६९ ला अमेरिकेत ३६६ निळ्या प्लास्टिकच्या कुप्या काढल्या, प्रत्येकीत वर्षातली एक तारीख. पहिली निघाली १४ सप्टेंबर, त्या तारखेला जन्मलेले सगळ्यात आधी. गडबड ढवळण्यात झाली. कुप्या महिन्यांच्या क्रमाने पेटीत पडल्या आणि नीट मिसळल्या नाहीत. त्यामुळे वर्षाअखेरीच्या तारखा वरच्यावर राहिल्या, लवकर निघाल्या. पुढच्या वर्षी एका ढोलात तारखा, दुसऱ्यात क्रमांक अशी पद्धत आणली. प्रश्नावलीत ‘चिठ्ठ्या टाकून निवड’ लिहा. सोडतीचा गोडवा नको.

खोडरबर
पण ‘सोडत’ सोडण्यावरूनच आली असेल, तर डेन्मार्कला चपखल बसते. तिथे मोठा क्रमांक काढणारा खरोखरच सुटतो!

पाणीपट
मूळ प्रश्नाकडे. जर्मन भाषेत या गोष्टीला सक्ती म्हणतच नाहीत. ‘वेअरप्फ्लिश्ट’मध्ये वेअर म्हणजे संरक्षण, प्फ्लिश्ट म्हणजे कर्तव्य. स्वीडिश शब्दाची घडण तशीच. फिनिश ‘आसेवेल्वोल्लिसूस’ तर सरळ ‘शस्त्रकर्तव्य’. म्हणजे तिथल्या मतदारापुढे प्रश्न जातो तोच ‘कर्तव्य ठेवायचं की काढायचं’ असा.
याचा मतांवर परिणाम होतो का? एकट्या शब्दाचा किती, हे वेगळं काढता येणार नाही. पण २०१३ सालचे दोन कौल शेजारी ठेवून बघा. जानेवारीत ऑस्ट्रियात जवळपास ६० टक्क्यांनी जुनी पद्धत ठेवा म्हटलं. सप्टेंबरमध्ये स्वित्झर्लंडमध्ये ती रद्द करण्याला ७३ टक्के लोकांनी नकार दिला. ऑस्ट्रियाच्या मतपत्रिकेवर एका बाजूला व्यावसायिक सैन्य अधिक पगारी ऐच्छिक समाजसेवा-वर्ष, दुसऱ्या बाजूला सैनिकी कर्तव्य अधिक नागरी सेवा (सैन्याऐवजी करायची), अशा जोड्या होत्या. रुग्णवाहिका आणि वृद्धांची देखभाल बऱ्याच अंशी नागरी सेवेतल्या मुलांवर चालते, तेव्हा अनेकांनी मत रणगाड्याला नव्हे, रुग्णवाहिकेला दिलं. तुमच्या प्रश्नात ही नागरी सेवा धरली आहे की नाही, ते मूळ इंग्रजीत तपासा. न धरता विचारलेल्या प्रश्नाचा आकडा धरून विचारलेल्याशी जुळणार नाही.
तसंच ‘देशासाठी लढाल का?’ हा प्रश्न या खात्यात घालू नका. विन-गॅलप इंटरनॅशनलच्या २०१४ च्या पाहणीत जपानमध्ये ‘हो’ म्हणणारे ११ टक्के, फिनलंडमध्ये ७४. तो इच्छेचा प्रश्न आहे, कायद्याचा नाही.
आणखी एक खाच : ‘रद्द’ आणि ‘स्थगित’. फ्रान्सने १९९७ मध्ये, जर्मनीने २०११ मध्ये स्थगित केलं. जर्मन संविधानातलं सैनिकी कर्तव्याचं कलम १२-अ जागच्या जागी आहे. स्वीडनने २०१० मध्ये थांबवून २०१७ मध्ये पुन्हा सुरू केलं, तेही स्त्रियांसह. ‘रद्द’ लिहिलंत की पुढच्या प्रश्नातलं ‘पुन्हा सुरू’ आकाशातून पडल्यासारखं वाटतं.

वेलांटी
‘कर्तव्य’ मान्य! ‘सैनिकी कर्तव्य’. आता कोण नाही म्हणेल?

तळटीप
तीच तर अडचण. ‘सक्ती’ला कोणी हो म्हणत नाही आणि ‘कर्तव्या’ला कोणी नाही म्हणत नाही.

दुभाष्या
मराठीला खरा जुना शब्द आहे आणि तो कोणी उच्चारत नाही : वेठ. संस्कृत ‘विष्टि’, राजाने फुकट करवून घेतलेलं काम, त्यावरून वेठ. भारतीय संविधानाचं कलम २३ वेठबिगारीला बंदी घालतं आणि त्याच कलमाचा दुसरा भाग सार्वजनिक कामासाठी सेवा सक्तीची करायची मुभा राज्याला देतो. म्हणजे वेठ आणि सेवा यांतली सीमारेषा एका कलमाच्या पोटात आहे. प्रश्नावलीत ‘वेठ’ घाला असं म्हणत नाही, पण विरोधकांच्या तोंडची वाक्यं भाषांतरित करताना तो हाताशी ठेवा.
विरोधकांचं निघालंच आहे तर चार माणसं वेगळी ठेवा. खोटं आजारपण दाखवणारा तो ‘भरतीचुकवा’ (करचुकव्याचा भाऊ). कायदा मान्य नाही म्हणून उघड तुरुंगात जाणारा ‘प्रतिकारक’. भरती होऊन पळणारा ‘फरारी’. आणि कॉन्शन्शस ऑब्जेक्टर. याला ‘पळपुटा’ लिहिलेलं पाहिलं आहे, ते अक्षम्य.

खोडरबर
त्याला ‘सदसद्विवेकबुद्धीनुसार सैन्यसेवा नाकारणारा’ म्हणायचं तर रकान्यात मावत नाही. ‘विवेकनकारी’?
गंमत म्हणजे हा शब्द ब्रिटनमध्ये आधी लशीसाठी रुळला. १८९८ च्या लसीकरण कायद्याने मनाला पटत नसलेल्या पालकांना सूट दिली, त्यांना हे नाव पडलं. १९१६ मध्ये लष्करी सेवेचा कायदा आला तेव्हा नाव तयारच होतं.

पाणीपट
‘विवेक’ ठेवा, पण त्यावरही भांडण होतं हे ध्यानात असू द्या. दक्षिण कोरियात संविधान न्यायालयाने जून २०१८ मध्ये पर्यायी सेवा द्यायला लावली. जानेवारी २०१९ मध्ये तिथल्या संरक्षण मंत्रालयाने ‘विवेक’ शब्दच टाळून ‘धार्मिक श्रद्धा इत्यादींमुळे नकार’ म्हणायचं ठरवलं. आक्षेप असा, की नाकारणारे विवेकी, तर मग जे गेले ते विवेकशून्य का? पर्यायी सेवा ठेवली ती ३६ महिन्यांची, तुरुंगांच्या आवारात. शब्दही काढून घेतला आणि मुदतही वाढवली.

तळटीप
‘विवेकनकारी’ घेतला. आता प्रश्न १४. ‘लष्करी-औद्योगिक संकुल’ मला लिहवत नाही. क्रीडा संकुल, व्यापारी संकुल, खाली वाहनतळ.

अनुस्वार
अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरने १७ जानेवारी १९६१ ला निरोपाच्या भाषणात शब्द वापरला तो इशारा म्हणून. ‘लष्कर-उद्योग साटेलोटे’ अर्थाने जवळ.

पाणीपट
चाचणीच्या प्रश्नात साटेलोटे? मग पहिल्या प्रश्नातली सक्ती काय वाईट होती? ‘लष्कर आणि शस्त्रउद्योग यांची युती’ पुष्कळ झाली.
‘संरक्षण उद्योग’ मात्र लिहू नका, ते त्या धंद्याने स्वतःला घेतलेलं नाव आहे. जपानने १ एप्रिल २०१४ ला नियम सैल केले तेव्हा नावही बदललं : आधी ‘शस्त्र निर्यातीची तीन तत्त्वे’ होती, त्यांची ‘संरक्षण साधनसामग्री हस्तांतरणाची तीन तत्त्वे’ झाली. शस्त्रही गेलं, निर्यातही गेली. शस्त्रव्यापाराचा अभ्यास करणारी स्टॉकहोमची सिप्री संस्था आपल्या शंभर बड्या शस्त्रकंपन्यांच्या यादीत एकूण उलाढाल आणि शस्त्रांची उलाढाल वेगवेगळी दाखवते, कारण बोईंगसारखी कंपनी प्रवासी विमानंही विकते. २०२३ चा शंभर जणांचा ६३२ अब्ज डॉलरचा आकडा फक्त शस्त्रं आणि लष्करी सेवांचा आहे.

वेलांटी
‘शस्त्रउद्योग’ अर्धवट आहे. हातात धरून चालवायचं ते शस्त्र, फेकायचं ते अस्त्र. क्षेपणास्त्रं बनवणारा कारखाना ‘शस्त्रास्त्र उद्योग’च.

दुभाष्या
मग ड्रोन कशात? फेकला म्हणावा तर परत येतो.

वेलांटी
अग्निपुराणात वर्गवारी आहे : यंत्रमुक्त, पाणिमुक्त, अमुक्त आणि मुक्तसंधारित. फेकून परत घेता येतं ते मुक्तसंधारित. परत येणारा ड्रोन त्यात.

खोडरबर
आणि जाऊन आदळणारा?

वेलांटी
यंत्रमुक्त.

तळटीप
प्रश्न १ अजून तसाच आहे, मंडळी.