मदत हवी आहे: पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाच्या १२ व्या लाइट हॉर्स या घोडेस्वार रेजिमेंटमधल्या सैनिकाची स्क्वाड्रन (रेजिमेंटमधली उपतुकडी) कशी शोधायची?

न्यू साउथ वेल्समधला मेंढ्यांची लोकर कातरणारा मजूर, १९१५ ला भरती. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल आर्काइव्हजमधली बी२४५५ मालिकेतली (सैनिकांच्या सेवा-नोंदी) त्याची फाइल पूर्ण वाचून झाली. 'कॅज्युअल्टी फॉर्म'मध्ये (नाव फसवं आहे, जखमांसोबत बदल्या, बढत्या, इस्पितळंही त्यातच) रेजिमेंटमध्ये दाखल झाल्याची तारीख आहे, पण स्क्वाड्रन नाही. प्रस्थान यादीत (जहाजाने रवाना झालेल्यांची यादी) तो 'रीइन्फोर्समेंट'च्या, म्हणजे भरपाईच्या सैनिकांच्या तुकडीत, म्हणजे तिथूनही पत्ता लागत नाही.

३१ ऑक्टोबर १९१७ ला पॅलेस्टाइनमधल्या बीरशेबावरच्या घोडेस्वारांच्या धडकेत तो घोड्यावर होता की मागे, हे ठरवायचंय. युद्ध-डायरीत साध्या शिपायांची नावं सहसा नसतात. पगारपुस्तक, रेड क्रॉसच्या फाइली की गावच्या वर्तमानपत्रात छापलेली पत्रं, आधी काय चाळावं? दुसरी एखादी यादी आहे का?