वादळ निसर्गाचे, अडवणूक लष्कराची

ब्रह्मदेशाचा (आजचा म्यानमार) पदच्युत राजा थिबा याच्या रत्नागिरीतील राजवाड्यावरून निघालेली चर्चा आजच्या म्यानमारपर्यंत पोहोचली, हे आम्हा रत्नागिरीकरांना साजेसेच आहे. मात्र तिथले हाल मुख्यतः वादळांमुळे आहेत, हे या चर्चेत मांडले गेलेले मत मला मान्य नाही. मे २००८ मध्ये नर्गिस वादळाने इरावतीच्या त्रिभुज प्रदेशात सुमारे १,३८,००० माणसे मृत वा बेपत्ता झाली, तेव्हा लष्करी राजवटीने परदेशी मदतपथकांचे व्हिसा कित्येक दिवस रोखून धरले आणि त्याच महिन्यात आपल्या राज्यघटनेवरचे सार्वमत मात्र उरकून घेतले. २०२० मध्ये निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडात पत्रे उडालेल्या घरांतील लोकांना, मदतीला उशीर झाला अशी तक्रार तरी उघडपणे करता आली. (ही गोष्ट आपण फार गृहीत धरतो.) १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी सत्तापालटानंतर बंडखोरांचे अन्न, पैसा, माहिती आणि भरती तोडण्याचे लष्कराचे जुने धोरण सगाईंगसारख्या भागांतही राबवले गेले, आणि त्यात जळतात ती सामान्य शेतकऱ्यांची घरे व भाताची कोठारे. मे २०२३ मधील मोखा वादळानंतरही म्यानमारच्या राखाइन राज्यात मदतसंस्थांचे प्रवास-परवाने जूनमध्ये स्थगित केले गेले, तेही पावसाळा तोंडावर असताना.