२०२५चा हंगाम बेचव होता म्हणणाऱ्यांना उत्तर

पहाटेचा_पन्हाळा

परवा आमच्या सायकलिंगच्या ग्रुपवर खासबागकर काकांनी स्लोव्हेनियाच्या सायकलपटू पोगाचारबद्दल लिहिलं, "पोगाचारनं सायकलिंगची सगळी मजा घालवली. २०२५मध्ये कोण जिंकणार ते घाटाच्या पायथ्यालाच ठरलेलं असायचं. जोडच नाही, मग बघायचं काय?" त्याखाली ढिगानं अंगठे पडले. मी दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

काका, तुम्ही शर्यती बघितल्या की सकाळी उठून नुसते निकाल वाचले? मार्चातली मिलान–सान रेमो घ्या, इटलीतली एका दिवसाची शर्यत. शेवटाकडच्या चिप्रेसाच्या चढावर पोगाचारनं हल्ला केला, त्यानंतरच्या पोज्जोच्या चढावर पुन्हा केला, आणि डच गडी व्हान डर पोल काही चाक सोडेना. पोज्जोवर मागे पडलेला इटालियन गान्ना खाली येऊन परत मिळाला. शेवटी स्प्रिंटला व्हान डर पोल पहिला, गान्ना दुसरा, पोगाचार तिसरा. एप्रिलात पॅरिस–रूबे. टूर द फ्रान्स जिंकलेला गडी त्या दगडी रस्त्यांवर उतरतो, दोघंच पुढे उरतात, ३८ किलोमीटर राहिलेले असताना वळणावर जातो बाहेर, पडतो, आणि तरीही दुसरा येतो. व्हान डर पोलची ती सलग तिसरी रूबे. पुढच्याच आठवड्यात आमस्टेल गोल्ड रेसला एकटा पळालेल्या पोगाचारला एव्हेनपूल आणि स्कीलमोसेनं गाठलं आणि स्प्रिंटला स्कीलमोसेनं मारली बाजी. ह्या तिन्हींपैकी कुठली पायथ्याला ठरलेली होती?

आणि जिरो, म्हणजे इटलीची तीन आठवड्यांची शर्यत! विसाव्या टप्प्याच्या सकाळी सायमन येट्स तिसरा, १ मिनिट २१ सेकंदांनी मागे. समोर कोल्ले देल्ले फिनेस्त्रे. साडेअठरा किलोमीटर, सरासरी ९.२ टक्के, वरचे आठ किलोमीटर कच्चा रस्ता. कोल्हापुरातून पन्हाळ्याला जेवढं वर जातो, तसं साधारण चार वेळा, न उतरता. २०१८ला ह्याच घाटात फ्रूमनं शेवटाच्या ऐंशी किलोमीटर आधी हल्ला केला आणि येट्सची आघाडीवाल्याची गुलाबी जर्सी गेली, अर्ध्या तासाहून जास्त मागे पडला तो. सात वर्षांनी तिथंच निघाला, आणि त्याच्या वरचे दोघे, देल तोरो न् कारापाझ, एकमेकांकडे बघत राहिले की तू ओढ, तू ओढ. पुढे पळालेल्या टोळक्यात आधीच असलेला त्याच्याच संघातला व्हान आर्ट घाटापलीकडे त्याच्यासाठी थांबला आणि सेस्त्रिएरेकडे ओढत नेलं. जिरो ३ मिनिटं ५६ सेकंदांनी येट्सची. मी घरात एकटा उभा राहून ओरडत होतो, आई आतून विचारत आली काय झालं म्हणून.

ह्या हंगामाला बेचव म्हणताय?

खासबागकर

माझं नाव घेऊन लिहिलंय म्हणून उत्तर देतो. निकाल वाचणारा नाही मी. टूरचा टप्पा आपल्याकडं रात्री नऊच्या सुमारास संपतो, जेवण पुढ्यात घेऊन बसलेलो असतो रोज.

तू वसंतातल्या चार शर्यती निवडून दाखवतोस. टूरचं बोल की. बाराव्या टप्प्याला ओताकामच्या घाटावर पोगाचारनं डेन्मार्कच्या विंगेगोरला २ मिनिटं १० सेकंद मागे टाकलं. टूर तिथं संपली, पॅरिस यायला अजून नऊ टप्पे होते. सप्टेंबरात रवांडातल्या किगालीला जागतिक स्पर्धा, शंभर किलोमीटरहून जास्त बाकी असतानाच निघून गेला. आठवड्याभरात युरोपियन स्पर्धा, पुन्हा पंचाहत्तर किलोमीटर एकटा. मग इटलीतली लोंबार्दिया, त्याची सलग पाचवी. शेवटच्या दोन तासांत पंखा लावून झोपलो तरी काही चुकलं नसतं.

मी लहानपणी आज्याच्या खांद्यावर बसून खासबागेच्या कुस्ती मैदानात गेलोय. तिथं माणूस जोड बघायला येतो. वस्ताद जोड लावताना वजन बघतो, उमेद बघतो, मागच्या कुस्त्या बघतो. एकतर्फी जोड लावली तर पब्लिक दोन मिनिटांत बोंबलतं. पैलवान वाईट आहे असं नाही म्हणत कुणी. जोड वाईट आहे म्हणतात. मी एवढंच म्हटलंय.

पहाटेचा_पन्हाळा

आणि पब्लिक पैसे कुणाला देतं काका? निकाली कुस्तीला की बरोबरीत सुटलेलीला? हा गडी फेब्रुवारी ते ऑक्टोबर निकाली खेळतो. गेल्या काही दशकांतले बहुतेक टूरवाले रूबेच्या वाऱ्याला उभे राहायचे नाहीत, जुलैसाठी अंग राखून ठेवायचे. ह्यानं एकाच हंगामात पाचही मॉन्युमेंटना, म्हणजे सगळ्यात मानाच्या एकदिवसीय शर्यतींना, पोडियम गाठलं. हे त्याच्याआधी कुणालाच जमलेलं नाही, जुन्या जमान्यातल्या मर्क्सलाही नाही. सान रेमो आणि रूबे हातातून गेल्या हे माहीत असूनही पुन्हा जाणार म्हणतो.

सायकलवाली_ताराराणी

दोघंही एका माणसाभोवती फिरताय. खरा प्रश्न तालमीचा आहे, पैलवानाचा नाही. पोगाचारच्या यूएई संघानं २०२५मध्ये नव्वदहून जास्त विजय घेतले. आधीचा विक्रम एचटीसी-कोलंबियाचा, २००९चा, ८५. पोगाचारचे त्यातले वीस. बाकीचे? आल्मेदा, देल तोरो, आयुसो, अ‍ॅडम येट्स. दुसऱ्या कुठल्याही संघात यातला प्रत्येकजण म्होरक्या झाला असता. एकाच तालमीनं सगळे उचलले तर जोड कुठून येणार? त्याच वर्षी फ्रान्सचा आर्केआ संघ प्रायोजक मिळेना म्हणून बंद पडला, इंटरमार्शे आणि लोट्टोला एकत्र यावं लागलं. ह्यावर एकही ओळ नाही कुणाची.

आणि किगालीबद्दल काका "शंभर किलोमीटर" एवढंच लिहितात. आफ्रिकेत पहिल्यांदा भरलेली जागतिक स्पर्धा होती ती. उंचावरचं शहर, मरणाचे चढ, शर्यत पुरी केली फक्त तीस जणांनी. आठवडाभर आधी टाइम ट्रायलला, म्हणजे एकेकट्यानं वेळेविरुद्ध पळायच्या शर्यतीत, एव्हेनपूलनं अडीच मिनिटं आधी सुटलेल्या पोगाचारला रस्त्यातच गाठून मागे टाकलं. तेव्हा जोड होती की!

खासबागकर

ताई, पैशाचं तुमचं बरोबर आहे. तेवढंच बरोबर आहे. पण २०२३ला विस्मा संघानं जिरो, टूर, स्पेनची व्हुएल्टा तिन्ही नेल्या तेव्हा हेच पोगाचारवाले गळा काढत होते, एका संघाची मक्तेदारी म्हणून. आता गप्प का?

जुनी_पिवळी_जर्सी

मी एवढंच सांगतो. १९९९ ते २००५ मी आर्मस्ट्राँगपायी वेडा होतो. पिवळा रबरी पट्टा मनगटावर घालून हिंडायचो. २०१२ला उत्तेजकं घेतल्याबद्दल सातही टूर काढून घेतल्या त्याच्या. त्या दिवसापासून कुणी फार सहज जिंकायला लागलं की माझं मन उठतं. पोगाचार कुठल्या चाचणीत सापडलेला नाही, त्याच्यावर आरोप करत नाही. पण मला आनंद होत नाही, आणि तो व्हावा म्हणून कुणी माझ्यावर जबरदस्ती करू नये.

पहाटेचा_पन्हाळा

सर, तुमची फसवणूक दुसऱ्या माणसानं केली, त्याचा हिशेब ह्याच्याकडून का घेता?

शिये_फाटा

हे सगळं ऱ्हाऊ दे. वर कुणीतरी फिनेस्त्रेचे आठ किलोमीटर कच्चा रस्ता म्हणून कौतुक केलंय. भावा, आपल्या रत्नागिरी रस्त्यानं केर्लीपासनं वाघबीळपर्यंत गेलायस का एवढ्यात? चौपदरीकरणाच्या नावाखाली उकरून ठेवलंय. डायव्हर्जन कुठं, खड्डा कुठं, अंधारात कळत नाही. पावसाळ्यात केर्लीजवळ पाणी आलं की रस्ताच बंद. आणि २०२६च्या जानेवारीत पुण्याची ग्रँड टूर झाली, जागतिक सायकलिंग संघटना यूसीआयची, चारशे सदतीस किलोमीटर. त्यासाठी पुणे जिल्ह्यातले रस्ते नवे झाले. आपल्याकडं गगनबावडा आहे, आंबा आहे, राधानगरी आहे. कोल्हापूरला काय?

सायकलवाली_ताराराणी

हे मात्र शंभर टक्के. पण रस्ता झाला तरी डिसेंबर–जानेवारीत कुठं चालवायची? पहाटे पाचला डबल ट्रॉली समोर, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, डेकवर गाणी. रस्त्यावर सांडलेल्या उसावरनं चाक घसरून माझं मनगटाचं हाड मोडलं, प्लेट बसवावी लागली. ट्रॅक्टरवाल्याला मागं काय झालं त्याचा पत्तासुद्धा नव्हता. ज्या कारखान्याला ऊस चालला होता तिथं जाऊन भेटले, त्यांनी वाहतूकदाराकडं बोट दाखवलं, वाहतूकदारानं ड्रायव्हरकडं.

शिये_फाटा

ताई, हाडाचं वाईट वाटलं, पण ऊसवाल्यांवर घसरू नका. माझा तीन एकर ऊस आहे. तोडणीची टोळी येता येत नाही, मुकादमाच्या पाया पडावं लागतंय, उसाला तुरे फुटतात, वजन घटतं. टोळी आली की रात्र-दिवस न बघता वाहतूक करावी लागते. तुम्ही दोन लाखाची कार्बन सायकल घेऊन हौसेला येता, आमचं वर्षाचं पोट त्या ट्रॉलीत असतं.

सायकलवाली_ताराराणी

हौस? मी शाळेत शिकवायला सायकलवरून जाते. माझी सायकल कार्बनची नाही, आणि असती तरी मनगट माझंच मोडलं असतं. ऊस रात्री न्या, दिवसा न्या, कोण अडवतंय? मागं दिवा लावा, उसावर दोर आवळा. ह्यात तुमच्या पोटावर कुठं पाय आला? मोटरसायकलवाले मरतात दर हंगामाला अशा उभ्या ट्रॉलीवर आदळून. तेही हौसेला आलेले असतात का?

जुनी_पिवळी_जर्सी

ताई बरोबर बोलतात. माझ्या पुतण्याची गाडी अशीच गेली ट्रॉलीखाली. तो वाचला. त्यानंतर वहिनींनी त्याला सायकलच काय, मोटरसायकलही देऊ केली नाही.

खासबागकर

विषय कुठं होता, कुठं गेला.

शिये_फाटा

काका, विषय हाच आहे. तुम्ही रात्री नऊला टीव्हीसमोर बसून जोड शोधताय. इथं पोरांना चढायला धड घाट नाही. २०२४ला करूळ घाट काँक्रीटसाठी बंद, आता रत्नागिरी रस्ता उकरलेला. स्लोव्हेनियाची लोकसंख्या वीस लाखांच्या वर-खाली. त्यातनं रोग्लिच आला, पोगाचार आला. आपल्या जिल्ह्याची त्याच्या जवळपास दुप्पट. मग आपल्यातनं कोण यायचं अन् कुठल्या रस्त्यावरनं?

आणि ताई, दिव्याचं म्हणाल तर माझ्या ट्रॉलीला मी रिफ्लेक्टर लावलेत. वाहतूकदाराची येते तिला नसतात, हे खरं आहे. त्याला सांगून बघतो. ऐकंल असं नाही.

सायकलवाली_ताराराणी

सांगून बघू नका, लावल्याशिवाय ऊस भरू देऊ नका. शेत तुमचं आहे.

शिये_फाटा

टोळी निघून गेली तर तुम्ही येणार का तोडायला?

पहाटेचा_पन्हाळा

दोघंही थांबा जरा. ताई, शियेचा माणूस स्वतःच्या ट्रॉलीला लावतोय, तेवढं तरी धरा. रिफ्लेक्टरच्या पट्ट्या आपल्या ग्रुपतर्फे घेऊन नाक्यावर उभं राहून लावता येतील, रविवारी पहाटे. मी येतो. कारखान्याच्या परवानगीचं कोण बघणार ते सांगा.

काका, तुमच्याकडं परत येतो. टूर एकतर्फी झाली, ओताकामनंतर त्यात काही उरलं नव्हतं, हे धरा माझ्याकडून. पण "२०२५मध्ये" असं अख्खं वर्ष तुम्ही एका ओळीत फेकून दिलंत. फिनेस्त्रेसकट. ते मला चालणार नाही.

खासबागकर

फिनेस्त्रे बघितली नव्हती मी. त्या दिवशी लग्नाला गेलो होतो निपाणीला. काल रात्री बघितली, तुझ्या पोस्टमुळं. येट्स बरा चढला. व्हान आर्ट थांबला तिथं मी पुन्हा मागं नेऊन बघितलं.

टूरबद्दलचं माझं म्हणणं तसंच आहे. यंदाच्या सान रेमोला ये घरी, मोठ्या टीव्हीवर बघू. पोज्जोवर पोगाचार एकटा निघाला तर मी टीव्ही बंद करणार, आधीच सांगून ठेवतो.

सायकलवाली_ताराराणी

पट्ट्यांचं कोण आणतंय? मी पंचवीस मीटरचे दोन रोल देते. शिये फाटा, तुमच्या वाहतूकदाराचा नंबर मला खाजगीत पाठवा, मी बोलते त्याच्याशी.