इंटर्नला यूरॉलॉजीची सक्तीची पोस्टिंग हवी का? बडोद्याच्या मंडळींनो, बोला

सुरसागर_काठचा
इंटर्नशिप चालू आहे माझी. बारा महिन्यांत जनरल सर्जरी 6 आठवडे, त्यात यूरॉलॉजी (म्हणजे किडनी-मूत्रमार्गाचा विभाग) नशिबात आली तर आली, नाहीतर ड्रेसिंग करा नि केसपेपर भरा. आणि रात्री कॅज्युअल्टीत येतं कोण, तर लघवी तुंबलेले आजोबा नाहीतर खड्याच्या कळेने गडबडा लोळणारा माणूस, उन्हाळ्यात तर विचारूच नका. माझं म्हणणं, सहापैकी 2 आठवडे यूरॉलॉजीला सक्तीने द्या. शिवाय नडियाद इथून तासाभरावर, 1978 पासूनचं मूळजीभाई पटेल हॉस्पिटल तिथे, बाहेरगावचे सर्जन तिथे शिकायला येतात, आणि आपली पोरं इलेक्टिव्ह (आपल्या पसंतीची पोस्टिंग) कुठे घेतात तर जिथे सही लवकर मिळते तिथे!

एमएस_सेकंड_इयर
भाऊ, सहातले दोन काढलेस की उरले चार. टाके घालणं, गळू फोडणं, पोटदुखीवाल्याच्या पोटाला नीट हात लावणं हे कधी शिकणार? आणि यूरॉलॉजीच्या ऑपरेशन थिएटरात इंटर्नला दिसतं काय? अंधार, एक मॉनिटर, त्यावर लेसरने खडा फुटतोय, नि तू मागे शिशाचा एप्रन घालून घामाघूम उभा. पीसीएनएलमध्ये (पाठीतून दुर्बीण घालून खडा काढतात त्यात) तर सी-आर्म, म्हणजे एक्स-रे मशीन, चालू असतो, एप्रनही सगळ्यांना पुरत नाहीत. एमबीबीएसची साडेपाच, सर्जरीच्या एमएसची तीन, त्यावर यूरॉलॉजीच्या एमसीएचची तीन, एवढी वर्षं घालवल्यावर माणूस यूरॉलॉजिस्ट होतो, ते पंधरवड्यात काय कळणार.

सुरसागर_काठचा
पीसीएनएल शिकवा असं म्हणतच नाहीये यार. ओपीडी नि वॉर्ड म्हणतोय.

पीजी_की_तय्यारी
सक्ती केलीत तरी अर्धी बॅच लायब्ररीतच बसणार, एमडी-एमएसच्या प्रवेशाची नीट पीजी डोक्यावर आहे. लॉगबुकात सह्या वाढतील, बाकी काही नाही. ज्याला यूरॉलॉजीच करायचीय त्याने इलेक्टिव्ह घ्यावी, बाकीच्यांच्या मागे का लागता. आणि ज्यांना अमेरिकेत जायचंय (बडोद्यात दर घराआड एक न्यू जर्सीवाला मामा आहे, माहितीये) त्यांनी विद्यार्थी असतानाच तिकडची इलेक्टिव्ह गाठावी. डिग्री हातात आली की मग बहुतेक ठिकाणी नुसती ऑब्झर्व्हरशिप, म्हणजे हात मागे बांधून बघायचं.

दांडियाबाजारचे_काका
मी डॉक्टर नाही, पेशंटच्या बाजूने लिहितो. माझ्या वडिलांना लघवी अडली म्हणून एका ठिकाणी नेलं होतं, नाव घेत नाही. एका शिकाऊ मुलाने नळी घातली, लघवी यायच्या आधीच नळीच्या टोकाचा फुगा फुगवला. वडील अक्षरशः ओरडले, पिशवीत लघवीच्या जागी रक्त. पुढे कितीतरी महिने मूत्रमार्ग आकसला म्हणून दवाखान्याच्या चकरा. तुमची शिकायची हौस ठीक आहे हो, पण कुणाच्या अंगावर?

एमएस_सेकंड_इयर
काका, वाईट झालं. पण हेच तर मी म्हणतोय, इंटर्नची गर्दी वाढवली की असे प्रकार वाढणार.

पादऱ्याची_डॉक्टर
उलट आहे दादा. नळी तर इंटर्न आजही घालतोय, पोस्टिंग असो नसो. फरक एवढाच की शिकवलं कोणी नाही. आदल्या बॅचचा पोरगा पुढच्याला दाखवतो, तेही घाईत. झायलोकेन जेली (बधिर करणारी) घालून चार-पाच मिनिटं थांबायचं असतं, थांबतं कोण? पुरुषाची नळी पार बाहेरच्या टोकाचा वाय-आकाराचा फाटा येईपर्यंत आत जाऊ द्यायची, लघवी आली की मगच फुग्यात डिस्टिल्ड वॉटर, नि अडकलं तर जोर न लावता सिनियरला हाक. शेवटी मागे सारलेली कातडी पुढे आणायची, ती विसरले की दुसऱ्या दिवशी सूज येऊन कातडी तिथेच अडकते, मग वेगळाच घोळ. हे सगळं एका दुपारी बसून मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, शिकवता येतं, पण ती दुपार कोणाच्याच वेळापत्रकात नाही.

आणि एक मुलींचं. पुरुष पेशंट असला की वॉर्डबॉयपासून रेसिडेंटपर्यंत सगळे म्हणतात मॅडम तुम्ही राहू द्या. चांगुलपणानेच म्हणतात बरं का. पण नंतर पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) रात्री मी एकटी असते, तिथे कोण येणार राहू द्या म्हणायला?

पीजी_की_तय्यारी
पीएचसीतून रेफर करायचंच असतं ना ताई शेवटी.

पादऱ्याची_डॉक्टर
रेफर करायला तरी कळायला हवं ना रे! तेरा-चौदा वर्षांचा मुलगा, लाजून पोटात दुखतंय एवढंच सांगतो, उलट्या करतोय. चड्डी उतरवून बघितलंच नाहीस तर टॉर्शन, म्हणजे वृषणाला पडलेला पीळ, निसटलं. साधारण सहा तासांत पीळ सोडवला तर वृषण वाचायची आशा चांगली, पुढे झपाट्याने कमी होत जाते. त्याला इंजेक्शन देऊन सकाळी या म्हटलंस तर संपलं. तसंच खडा अडकलाय नि वर थंडी-ताप, तो पेशंट पेनकिलर देऊन घरी पाठवायचा नसतो, तुंबलेल्या किडनीत पू झाला तर स्टेंट (आतली बारीक नळी) टाकून नाहीतर पाठीतून नळी टाकून वाट मोकळी करावी लागते, नुसत्या अँटिबायोटिकवर भागत नाही.

एमएस_सेकंड_इयर
हे मान्य, पण टॉर्शन काय तुमची पोस्टिंग बघून येणार आहे का? दोन आठवड्यांत एकही येणार नाही कदाचित.

पादऱ्याची_डॉक्टर
नाही येणार. पण हायड्रोसील (वृषणाभोवती पाणी), व्हेरिकोसील (तिथल्या शिरा फुगणं) ओपीडीत रोज असतात, पाच-दहा नॉर्मल नि बिघडलेले तपासले की हाताला ओळख होते. ती ओळख नसली की टॉर्शन समोर आलं तरी उपयोग नाही.

सुरसागर_काठचा
काका, तुमचं अजून ऐकायचंय. आधी मॅनिकिन, मग पहिल्या काही नळ्या सिनियर शेजारी उभा असतानाच, असं ठरवलं तर?

दांडियाबाजारचे_काका
तर माझी हरकत नाही. पण आधी विचारायचं, नाही म्हटलं तर तोंड वाकडं करायचं नाही, आणि पडदा लावायचा. माझ्या प्रोस्टेटच्या वेळी सहा-सात जण पलंगाभोवती उभे, पडदा उघडा, नि साहेब गुजरातीत काहीतरी विनोद करतायत.

एमएस_सेकंड_इयर
पडदा नि परवानगी, शंभर टक्के. मॅनिकिनही हवंच, ते इंटर्नशिपच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांना द्या. पण दोन आठवडे सक्तीला माझा विरोध कायम, एक आठवडा ओपीडी म्हणालात तर आमच्या युनिटकडून मी स्वतः विचारून बघतो.

सुरसागर_काठचा
एक तर एक, चालेल. विचार तू. आणि नडियादला इलेक्टिव्ह करून आलेलं कोणी असेल तर अर्ज कसा केला नि राहायची सोय काय ते लिहा प्लीज.