सोळाची एमसीबी पडते म्हणून बत्तीसची बसवली, हे बरोबर झाले का?

परभणीकर (प्रश्न)

आमचे घर परभणीत असून वायरिंग सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीचे आहे. लेक बाळंतपणासाठी माहेरी आल्यामुळे एप्रिलमध्ये मागच्या खोलीत दीड टनाचा एसी बसवला, आणि बाळ-बाळंतिणीच्या आंघोळीसाठी शेजारच्या न्हाणीघरातला तीन हजार वॅटचा गिझर ऐन उन्हाळ्यातही चालवावा लागतो. दोन्ही एकाच लाइनवर आहेत. सकाळी दोन्ही एकदम चालले की काही वेळाने सोळा अँपिअरची एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडून लाइन बंद करणारा स्विच) पडत असे. बोलावलेल्या वायरमनने "लोड वाढलाय" एवढेच सांगून तिच्या जागी बत्तीसची बसवली. तेव्हापासून ती एकदाही पडलेली नाही. मात्र गिझर चालू असताना स्विचबोर्डावर हात ठेवला तर तो कोमट लागतो. हे असेच चालू द्यावे का, आणि वायर बदलायची झाल्यास कितीची घ्यावी?

जुना तारतंत्री, लातूर

एमसीबी पडायची थांबली, हीच यातली काळजीची गोष्ट आहे. एमसीबी उपकरणाचे नव्हे, भिंतीतल्या वायरचे रक्षण करण्यासाठी असते. म्हणून आधी लोड, मग तो सोसणारी वायर आणि शेवटी त्या वायरला सोसेल तेवढीच एमसीबी, असा क्रम ठेवावा लागतो.

तीन हजार वॅटला 230 ने भागले की गिझरचे 13 अँपिअर येतात. एसीचे सात-आठ धरा, म्हणजे एकूण 21. सोळाची एमसीबी पडत होती ती बिघडली म्हणून नव्हे, आपले काम करत होती म्हणून. आता, त्या काळच्या घरांत अशा लाइनला बहुतेक वेळा दीड चौरस मिलिमीटरची वायर सापडते. ती तांब्याची असली आणि पाइपातून नेलेली असली, तर 30 अंश तापमानात सुमारे 17 अँपिअर सोसते. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या 45 अंशांत तीच 14 च्या आसपास येते, आणि पाइप गच्चीच्या स्लॅबमधून गेला असेल किंवा त्यात आणखी लाइनी कोंबल्या असतील तर त्याहूनही खाली. याउलट बत्तीसची एमसीबी 36 अँपिअरवर तासभर पडू नये आणि 46 वर तासाभरात पडावी, अशीच घडवलेली असते. म्हणजे वायरचे आवरण वितळू लागले तरी एमसीबीला त्याचा पत्ता लागणार नाही.

वायर उघडून पाहीपर्यंत गिझर बंद ठेवावा आणि आंघोळीचे पाणी गॅसवर तापवावे. पुढे दोन्हींच्या लाइनी मेन बोर्डापासून स्वतंत्र ओढाव्यात. मी स्वतः दोन्हीकडे चारची (चार चौरस मिलिमीटरची) वायर आणि वीसची एमसीबी घालतो.

आयटीआयवाला, नांदेड

क्रमाबद्दल पूर्ण सहमत. पण सरसकट चारची वायर घालण्याचे कारण दिसत नाही. पाइपात एकच लाइन असेल तर अडीचची वायर आणि सोळाची, सी प्रकारची (उपकरण सुरू होतानाच्या क्षणिक जादा करंटला न पडणारी) एमसीबी गिझरलाही पुरते आणि एसीलाही. वीसची एमसीबी हवी असेल तर मात्र चारचीच वायर घ्यावी, कारण 45 अंशांत अडीचची वायर 19 च्या वर फारशी जात नाही.

अंतराचा प्रश्न वेगळा आहे. मेन बोर्ड पुढच्या ओसरीत आणि खोली 30 मीटर मागे असेल, तर जाऊन-येऊन 60 मीटर तांबे होते आणि 13 अँपिअरला अडीचच्या वायरमध्ये साधारण सहा व्होल्ट खर्ची पडतात. एरवी हे किरकोळ आहे, पण उन्हाळ्याच्या संध्याकाळी 180 व्होल्टच येत असतील तर एसी तेच काम करण्यासाठी जास्त करंट ओढतो, म्हणून तेवढ्या लांबीला एसीसाठी चारची वायर योग्य. गिझरचे उलटे आहे: 180 व्होल्टवर त्याची उष्णताच सुमारे 61 टक्क्यांवर येते, करंट वाढत नाही.

गिझरबाबत मला खरी भीती बोअरच्या पाण्याची वाटते. क्षारांचा थर चढून कॉइल फुटली की करंट पाण्यात उतरतो, आणि तो इतका थोडा असू शकतो की एमसीबी हलतही नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे बाहेर गळणारा थोडासा करंटही ओळखून लाइन तोडणारा स्विच, हवी. ती जादा लोडवर पडत नाही, म्हणून एमसीबीच्या जोडीनेच बसवावी लागते. शिवाय तिच्या पुढची न्यूट्रल दुसऱ्या लाइनच्या न्यूट्रलशी जोडलेली असेल, तर ती विनाकारण पडत राहते आणि लोक वैतागून काढून टाकतात. अर्थिंगही पाहून घ्यावे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि कोरड्या मातीत अर्थिंग नावापुरते उरते. खड्ड्यात अधूनमधून पाणी घालत जावे.

परभणीकर

दोघांचेही आभार. काल मेन स्विच बंद करून परवानाधारक वायरमनकडून बोर्ड उघडवला. वायर दीडचीच निघाली. सॉकेटपासून वीतभर तिचे लाल आवरण तपकिरी होऊन इतके कडक झाले होते की वाकवताच त्याचा टवका उडाला. न्यूट्रल पुढच्या खोलीतल्या दिव्यांबरोबर सामाईक होती. मेन बोर्डापासून अंतर 12 मीटरच भरले, म्हणून दोन्ही उपकरणांसाठी वेगळ्या पाइपांतून अडीचच्या वायरी, सोबत अर्थिंगचीही अडीचचीच वायर, सोळाच्या दोन एमसीबी आणि गिझरच्या लाइनला आरसीसीबी, असे ठरवले आहे. जुन्या लाइनची जळलेली वायर आणि तिची न्यूट्रलही बदलून घेतो आणि ती दिवे-पंख्यांपुरती दहाच्या एमसीबीवर ठेवतो. तोवर बाळंतिणीचे पाणी गॅसवरच तापते आहे.