मदत हवी आहे: रस्ता रुंदीकरणावर हरकत नेमकी कुठे, कशी द्यायची? गल्लीतली 14 झाडं आणि फुटपाथचा प्रश्न आहे

गल्लीतली_मीनल

नमस्कार मंडळी, थोडं मोठं लिहितेय पण प्लीज शेवटपर्यंत वाचा, हातात दिवस कमी आहेत.

मंगळवारी सकाळी दूध आणायला खाली उतरले तर आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर लाल रंगाची रेघ आणि बाण, शेजारच्या बंगल्याच्या पायरीवर तसाच बाण, आणि रस्त्याकडेच्या झाडांवर पांढऱ्या रंगात आकडे टाकलेले, 1 पासून 14 पर्यंत. वॉचमनला विचारलं तर म्हणाला काल दुपारी चार माणसं टेप घेऊन आली होती, कुठल्या ऑफिसातून ते सांगितलं नाही. मग शेजारच्या काकांनी रद्दीतून आठवड्यापूर्वीचा पेपर काढला, त्यात आतल्या पानावर एवढीशी जाहीर नोटीस, बारीक अक्षरात, आमचा रस्ता 7.5 मीटरचा 9 मीटर करण्याबाबत हरकती व सूचना मागवल्यात म्हणून.

क्षेत्रीय कार्यालयात गेले. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, तिथून वरच्या मजल्यावर, शेवटी एकजण म्हणाले की मॅडम हे नगररचनेचं आहे, आमच्याकडे फक्त काम येतं. नकाशा दाखवा म्हटलं तर तो इथे नसतो म्हणे. (शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कोणा एकाला बोल लावायचा नाही, मला मार्ग हवाय.)

आता खरं सांगते, मी रस्त्याच्या विरोधात नाही. सकाळी शाळेच्या वेळेला इथे रिक्षा, व्हॅन, टू व्हीलर सगळं एकात एक अडकतं हे मी रोज बघते. पण माझी आई 74 ची, वॉकर घेऊन चालते, तिला सध्या आमच्या गेटपासून मेडिकलपर्यंत जायला जेमतेम फुटपाथ आहे, तोही पेव्हर उचकटलेला. रुंदीकरणात तो राहणार का जाणार हेच कोणी सांगत नाही. आणि 14 पैकी 11 झाडं शाळेच्या बाजूला आहेत, चार तर एवढी मोठी की एप्रिलमध्ये मुलं व्हॅनची वाट बघत त्याच सावलीत उभी असतात.

तर मला हे कळायला हवंय की हरकत कोणाच्या नावाने लिहायची, सगळ्यांनी मिळून एक सह्यांचं निवेदन द्यावं का प्रत्येकाने वेगळं, झाडांची हरकत यातच येते का वेगळी द्यावी लागते, आणि मुळात नकाशा बघायला मिळवायचा कसा. कोणी या सगळ्यातून गेलं असेल तर लिहा हो.

---

निवृत्त_ओव्हरसियर

मीनलताई, एका महापालिकेत 31 वर्षं काढली आहेत, पथ विभागात, त्यामुळे क्रमाने सांगतो.

पहिलं काम, ती नोटीस कापून जपून ठेवा आणि तिच्यात कलम कोणतं लिहिलंय ते बघा. सगळा खेळ तिथे आहे. विकास आराखड्यातला रस्ता बदलत असतील तर एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायदा 1966 चं कलम 37 असेल, त्यात हरकतींना एक महिना मिळतो. आराखड्याबाहेरचा जुना लहान रस्ता असेल तर महानगरपालिका अधिनियमाचं कलम 210, म्हणजे रस्त्याची नियमित रेषा (दोन्ही बाजूंची हद्द) ठरवणं. आधीची रेषा बदलून नवी आखायची तर ज्या बैठकीत मंजुरी द्यायची तिच्या निदान एक महिना आधी स्थानिक पेपरात आणि राजपत्रात नोटीस द्यावी लागते, आणि त्या रस्त्यावरही नोटीस लावावी लागते. रस्त्यावर लावलेली नोटीस तुम्हाला दिसली का? नसेल तर आज फोटो काढा, शाळेच्या गेटचा, विजेच्या खांबांचा, चौकाचा, तारखेसकट. हा मुद्दा हरकतीत पहिला.

या 210 च्या प्रकारात लेखी हरकत नगरसचिवांच्या कार्यालयात द्यायची, तीही बैठकीच्या आधी तीन पूर्ण दिवस हातात ठेवून. लोक क्षेत्रीय कार्यालयात देऊन येतात आणि कागद तिथेच पडून राहतो, हे मी माझ्या डोळ्यांनी कितीदा तरी पाहिलंय. एक प्रत नगररचनेला, एक पथ विभागाला द्या, पण मूळ नगरसचिवांकडे, आणि आवक क्रमांक, शिक्का, तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

रेषा मंजूर झाली म्हणजे उद्या जेसीबी येतो असंही नाही, घाबरू नका. बांधलेली इमारत बहुतेक वेळा नव्याने बांधताना मागे घ्यायला लावतात. कंपाउंड आणि मोकळ्या जागेचं मात्र आधीही होऊ शकतं, त्यामुळे निवांत बसूही नका.

---

पुणेकर_पादचारी

नकाशासाठी सोपा उपाय आहे. दर सोमवारी दुपारी 3 ते 5 महापालिकेत जाऊन फाइल बघता येते, माहिती अधिकाराचा अर्ज न करता. पुण्यात हे बरीच वर्षं चालू होतं, मग नोव्हेंबर 2018 मध्ये शासनानेच परिपत्रक काढून राज्यभरातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू केलं. सोमवारी सुट्टी असेल तर पुढचा कामाचा दिवस. परिपत्रकाची प्रिंट सोबत न्या कारण काउंटरवरच्या माणसाला माहीत असेलच असं नाही, शांतपणे दाखवा, काम होतं.

सोबत आरटीआय पण टाकून ठेवा, 10 रुपये, 30 दिवस. एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांच्या आत, हा आपल्या राज्याचा नियम आहे, लांबलचक लिहिलं की अर्ज परत येतो. मागायचं काय तर मंजूर किंवा प्रस्तावित आखणीचा नकाशा, रस्त्याचा आडवा छेद (रुंदीत डांबर, फुटपाथ, गटार किती ते दाखवणारं चित्र), आणि झाडांची यादी. आडवा छेद हा शब्द विसरू नका, त्याच्यातच कळतं फुटपाथ किती धरलाय.

आणि कृपया फक्त "विरोध आहे" एवढंच लिहू नका. आमच्याकडे 2020 मध्ये 323 रस्ते 6 चे 9 मीटर करायचा प्रस्ताव आला होता तेव्हा ज्या हरकती माप घेऊन, फोटो लावून आलेल्या त्याच वाचण्यासारख्या होत्या. जंगली महाराज रोडचा फुटपाथ आठवा, लोक आता तिथे बसतात, मुलं खेळतात, तो रुंद फुटपाथ डांबरातूनच काढलाय ना. रस्ता नव्याने करायचा म्हणजे डांबर वाढवायचं असंच नसतं हे त्यांना त्यांच्याच भाषेत सांगायला लागतं.

---

सोसायटी_सेक्रेटरी

दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. आमची बिल्डिंग 38 वर्षांची आहे, स्लॅबमधून पाणी, लिफ्ट नाही, आणि रिडेव्हलपमेंटला एकही बिल्डर उभा राहत नाही कारण रस्ता 9 मीटरच्या आत आहे. 2020 च्या यूडीसीपीआरप्रमाणे (राज्याची बांधकाम नियमावली) 9 मीटरपेक्षा कमी रुंदीच्या रस्त्यावर टीडीआर (दुसरीकडून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) चढत नाही, प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारं जादा बांधकाम) नाही, मूळ 1.1 एफएसआयवर, म्हणजे प्लॉटच्या 1.1 पट बांधकामावर, कोण बांधून देणार? तुमच्या आईंना फुटपाथ हवा तसा आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना लिफ्ट हवी आहे. त्या वर्षातून चारदा खाली उतरतात, तेही खुर्चीत बसवून चौघांनी उचलून. तुमच्या हरकतीमुळे आख्खा प्रस्ताव बारगळला तर आमच्यासारख्यांनी काय करायचं?

---

गल्लीतली_मीनल

सेक्रेटरी दादा, राग अजिबात नाही, उलट बरं झालं लिहिलंत. आमच्या गल्लीतही अशा दोन सोसायट्या आहेत आणि काल रात्रीपासून व्हॉट्सॅप ग्रुपवर हेच चाललंय, एकजण म्हणतो झाडवाल्यांनी आमचं घर अडवलं, दुसरा म्हणतो बिल्डरचे दलाल. चाळीस वर्षं एका गल्लीत राहून गणपतीची वर्गणी एकत्र काढणारी माणसं अशी बोलायला लागली की रात्री झोप लागत नाही.

म्हणून विचारते, 9 मीटर होऊनही झाडं आणि फुटपाथ राहू शकतात का? एफएसआयसाठी रस्त्याची रुंदी मोजतात ती फुटपाथ धरूनच ना?

---

निवृत्त_ओव्हरसियर

अगदी बरोबर प्रश्न विचारलात. हो, रुंदी म्हणजे एका हद्दीपासून दुसऱ्या हद्दीपर्यंत, फुटपाथ, गटार, झाडं सगळं त्यात आलं. 9 मीटर रस्ता म्हणजे 9 मीटर डांबर नव्हे. इथेच तुमच्या दोन्ही बाजूंचं जमू शकतं.

तुमच्यासारख्या गल्लीला दुतर्फा वाहतुकीला साडेपाच मीटर डांबर पुरतं. उरले साडेतीन. दोन्हीकडे पावणेदोन पावणेदोन मीटरचा फुटपाथ केला तर त्यात झाडाचं खोड, विजेचा खांब, विजेचा डीपी बॉक्स येऊन कोणीच चालू शकत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 103 या मानकात राहत्या भागात चालायला निदान 1.8 मीटर सलग मोकळी जागा सांगितली आहे आणि फुटपाथची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. मग साडेतीनची पट्टी शाळेच्या बाजूलाच एकसंध का घेऊ नये? तुमची झाडं सध्याच्या कडेला आहेत, हद्द पाऊण मीटर मागे गेली की ती त्या पट्टीत येतात, आणि खोडाच्या पुढे चालायला 1.8 च्या वर जागा राहते. डांबराची मध्यरेषा थोडी सरकते एवढंच. समोरच्या तीन झाडांचं वेगळं बघावं लागेल, ते मी कागदावर सांगू शकत नाही.

हे असंच हरकतीत लिहा, "रुंदीकरणाला मान्यता, पुढील आडव्या छेदासह" असं. आणि खाली त्या दोन्ही सोसायट्यांच्या सह्या घ्या. ज्या कागदावर झाडवाले आणि रिडेव्हलपमेंटवाले दोघांच्या सह्या असतात तो कागद बाजूला सारणं अवघड जातं, नोकरीत होतो तेव्हा आम्हालाही जायचं.

सह्यांचं एक निवेदन द्याच, पण दहाबारा घरांनी स्वतःच्या शब्दांत वेगळ्या हरकतीही द्या. निवेदन एक हरकत म्हणून मोजलं जाऊ शकतं. शाळेच्या मुख्याध्यापकांचं पत्र मिळालं तर फारच उत्तम.

---

माई_नाशिक

झाडांचं वेगळं हो, यात मिसळू नकोस बाळा. झाडं तोडायची परवानगी वृक्ष प्राधिकरणाकडे, 1975 च्या कायद्याखाली. त्यासाठी झाडावर नोटीस लावावी लागते, पेपरातही द्यावी लागते, आणि हरकतीला फक्त सात दिवस असतात. आकडे टाकलेत म्हणजे नुसती मोजणी झाली असेल, नोटीस अजून यायची असेल, म्हणून रोज कोणीतरी एक चक्कर मारा. आम्ही पाळ्या लावल्या होत्या, सकाळी फिरायला जाणारे आजोबा एक दिवस, दुसऱ्या दिवशी मी.

2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष म्हणून धरतात. आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची अट आहे. म्हणून प्रत्येक झाडाचं वय हरकतीत आलंच पाहिजे. कधीकधी यादीत सगळ्यांना सरसकट दहा बारा वर्षांची लिहून टाकतात, तिथे लक्ष ठेव.

---

गल्लीतली_मीनल

अपडेट देते. सोमवारी आम्ही तिघं गेलो, मी, काका आणि (हे महत्त्वाचं) रिडेव्हलपमेंटवाल्या सोसायटीच्या चेअरमन वहिनी. परिपत्रक दाखवल्यावर वीस मिनिटांत फाइल आली, बाई नीट बोलल्या, झेरॉक्सचे पैसे भरले. नोटीस कलम 210 चीच आहे. बैठकीला अजून 19 दिवस आहेत.

आडवा छेद बघितला आणि पोटात खड्डा पडला. 9 मीटरमध्ये 8 मीटर डांबर आणि दोन्हीकडे अर्धा अर्धा मीटर, तिथे "गटार व फुटपाथ" असं लिहिलंय. अर्ध्या मीटरवर आईचा वॉकर उभासुद्धा राहत नाही. चेअरमन वहिनी तिथेच म्हणाल्या, अगं आम्हाला 9 हवेत पण हे असे नकोत, माझीही सासू आहे घरात.

काल संध्याकाळी पार्किंगमध्ये मीटिंग घेतली, 40 च्या आसपास माणसं आली. मुलांनी खडूने पार्किंगमध्येच साडेपाच आणि साडेतीन मीटर आखून दाखवलं, आईला वॉकरसकट त्यावरून चालवलं, आणि मग जे लोक ग्रुपवर भांडत होते ते स्वतः टेप धरून मोजायला लागले. दुकानदारांचा प्रश्न उरलाय, त्यांना दारात गाडी लावायला जागा हवी, एकाने सही दिली, तिघं म्हणाले विचार करून सांगतो.

हरकतीचा मसुदा काका लिहितायत, बुधवारपर्यंत होईल, ओव्हरसियर काका तुम्ही एकदा वाचाल का? शुक्रवारी नगरसचिवांकडे द्यायचा विचार आहे.

आणि माई, झाडांचं वय सिद्ध कसं करायचं? घेर मोजला, सगळ्यात मोठ्याचा छातीच्या उंचीवर 3 मीटर 10 सेंटिमीटर आलाय, पण त्यावरून वर्षं कशी काढायची ते कळत नाहीये.

---

निवृत्त_ओव्हरसियर

पाठवा, वाचतो. दुकानदारांना सोडू नका. साडेपाच मीटरात थांबलेल्या गाड्यांनी आधी दुकानच झाकतं हे त्यांना त्यांच्या दारात उभं राहून दाखवा, आणि माल उतरवायला सकाळची ठराविक वेळ मागून घ्या, तेवढं मिळतं. अर्धा मीटर "गटार व फुटपाथ" हे शब्द जसेच्या तसे हरकतीत अवतरणात घाला आणि शेजारी 1.8 लिहा.

---

माई_नाशिक

घेरावरून नुसता अंदाज येतो, जातीप्रमाणे वाढ वेगळी असते, वनस्पतीशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकांना झाडं दाखवून दोन ओळींचं पत्र घे, कॉलेजात विचार. पण त्याच्याहून पक्का पुरावा शाळेत असेल बघ. शाळेच्या जुन्या बॅचचे ग्रुप फोटो गेटपाशी काढलेले असतात, त्यावर साल लिहिलेलं असतं आणि मागे झाड दिसतं. आमच्या वेळी 1968 चा एक फोटो सापडला होता, दोन वडाची झाडं त्याच्यावर टिकली. मुख्याध्यापकांच्या पत्राला जाशीलच, तेव्हा कपाट उघडायला सांग.

---

गल्लीतली_मीनल

माई!! माझे बाबा याच शाळेत होते. उद्या सकाळी जाते.