बेसबॉलचा ‘बॉक्स स्कोअर’ म्हणजे धावफलक का?

प्रश्न : बेसबॉलवरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. त्यात ‘बॉक्स स्कोअर’ सारखा येतो. मी ‘धावफलक’ लिहिलंय आणि ‘अ‍ॅट बॅट्स’ला ‘खेळलेले चेंडू’. चालेल का?

उत्तर : धावफलक नको. तो मैदानावर, सामना चालू असताना दिसतो. बॉक्स स्कोअर हा सामना संपल्यावर छापला जाणारा तक्ता, म्हणून ‘धावपत्रक’ जास्त जवळचं. शिवाय हे नातं खरंच रक्ताचं आहे. बॉक्स स्कोअर घडवण्याचं श्रेय ज्यांना देतात ते हेन्री चॅडविक १८२४ साली इंग्लंडमध्ये जन्मले आणि अमेरिकेत आधी क्रिकेटच्या बातम्या लिहायचे. क्रिकेटचं धावपत्रकच त्यांनी बेसबॉलला बेतून दिलं.

‘खेळलेले चेंडू’ मात्र साफ चूक, ते आधी बदला. ‘अ‍ॅट बॅट’ म्हणजे फलंदाजीची एक पाळी. तीत चेंडू एक असो की दहा. त्यातही चार ‘बॉल’ (फलंदाजाने न खेळलेले, ठरलेल्या पट्ट्याबाहेरचे चेंडू) मिळून फलंदाज फुकट पहिल्या बेसवर (धाव पुरी करताना गाठायच्या टप्प्यांपैकी पहिल्यावर) गेला, तर ती पाळी या रकान्यात धरत नाहीत. संघासाठी मुद्दाम बाद होऊन सहकाऱ्याला पुढे सरकवलं, तरीही नाही.

प्रश्न : आणि ‘आरबीआय’ (रन्स बॅटेड इन)? धावा तर वेगळ्या दिल्यात.

उत्तर : ज्याच्या फटक्यावर धाव आली, त्याच्या नावावर आरबीआय, जो सगळे बेस फिरून ‘घरी’, म्हणजे फलंदाजीच्या जागी परत आला, त्याच्या नावावर धाव. ८ ऑक्टोबर १९५६ चा वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, पाचवा सामना घ्या. यांकीज संघ २, डॉजर्स संघ ०. यांकीजच्या मिकी मँटलने होमरन (सगळे बेस फिरून घरी येता येईल असा फटका) मारला तेव्हा बेसवर कोणी नव्हतं, म्हणून धाव, हिट (बेस मिळवून देणारा फटका) आणि आरबीआय तिन्ही त्याचेच. दुसरी धाव अँडी केरीची, पण आरबीआय हँक बावरचा. मधे यांकीजचा पिचर (चेंडू टाकणारा) डॉन लार्सनने बंट करून, म्हणजे चेंडू बॅटने हलकेच अडवून, केरीला दुसऱ्या बेसवर नेलं होतं. स्वतः बाद झाला, पण ती त्याची ‘अ‍ॅट बॅट’ नाही. ‘धावा आणवल्या’ असं लिहिलंत तर वाचकाला लगेच कळेल.

मला या तक्त्यात सगळ्यात आवडतो तो त्याचा ताळा. फलंदाजीला आलेला प्रत्येक जण एक तर धाव काढतो, नाही तर बाद होतो, नाही तर बेसवर अडकून राहतो. चौथी वाट नाही. तिन्हींची बेरीज एकूण पाळ्यांइतकी (‘अ‍ॅट बॅट’मध्ये न धरलेल्याही मोजून) भरलीच पाहिजे. नाही भरली तर तक्ता चुकलाय. त्या दिवशी डॉजर्सच्या पाळ्या २७, धावा ०, अडकलेले ०, बाद २७. लार्सनने एकालाही पहिल्या बेसवर पोचू दिलं नव्हतं. वर्ल्ड सिरीजमधला हा एकमेव परफेक्ट गेम, आणि तो या एका ओळीत पुरता दिसतो.

आणखी एक उत्तर : ‘स्कोअरकार्ड’ची गल्लत करू नका. तिथे प्रत्येक पाळी खुणांनी टिपतात. ६-४-३ म्हणजे चेंडू शॉर्टस्टॉपकडून (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) दुसऱ्या बेसमनकडे, तिथून पहिल्या बेसमनकडे. हे आकडे जर्सीचे नाहीत, जागांचे. स्ट्राइकआउटला (तीन स्ट्राइक होऊन बाद होण्याला) ‘के’ लिहितात, आणि बॅट न फिरवता तिसरा स्ट्राइक बसला तर उलटा ‘के’. लार्सनचा शेवटचा बळी डेल मिचेल पंचांनी दिलेल्या तिसऱ्या स्ट्राइकवरच गेला.

प्रश्नकर्ती : मग पहिल्यांदा ‘बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याचं धावपत्रक’ असं लिहिते, पुढे नुसतं ‘बॉक्स स्कोअर’. ‘एरर’ला ‘क्षेत्ररक्षणातली चूक’?

उत्तर : हो. फक्त हिट की चूक, हे पंच नव्हे, अधिकृत स्कोअरर ठरवतो, तेवढं वाक्यात येऊ द्या.